दुसरी गाठ

मी नाळेला दोन गाठी मारते. एक बाळाच्या बेंबीकडे, दुसरी आईच्या बाजूला, आणि मग मधून कापते. गावातल्या बाया विचारतात, "अक्का, आते दोन गाठी काब्र?" मी खेकसते, "काब्र म्हणजे? दोरा तुन्हा बापना शे का?" मग कोणी पुन्हा विचारत नाही. मी तोंडाची पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे हे चालून जातं. पण का ते मला माहीत आहे, आणि ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

माझं नाव सुगंधाबाई. शिरपूरपासून दोन कोसांवर तापीच्या अंगाला आमचं गाव. माझी सासू सुईण होती, तिचे हात थरथरायला लागले तेव्हा तिची विद्या माझ्याकडे आली. विद्या म्हणजे काय, तर सासू जे करायची ते डोळे मिटून करायचं. ती नाळ बाळाच्या बाजूने बांधायची, कापायची आणि आईकडचं टोक उघडं सोडून खाली मातीचा परळ ठेवायची. त्या टोकातून वाईट रक्त वाहून जातं, वार हलकी होते आणि लवकर पडते, असं तिचं म्हणणं. मीही तेच करत आले. परळात साचलेलं रक्त घरच्या म्हातारीला दाखवायची नि म्हणायची, बघा, पोटात किती घाण होती. म्हातारी खूश, मीही खूश. तीस वर्षं असंच चाललं.

फैजपूरला काँग्रेस भरली त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या गल्लीतल्या सुकदेवाची बायको मंजुळा तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन बाळंतपणं तिच्या माहेरी झाली आणि दोन्ही लेकरं गेली, एक पोटातच आणि एक सहा दिवसांचं होऊन. म्हणून ह्या खेपेला सासूने, झुंबरबाईने, तिला माहेरी पाठवलंच नाही. म्हणाली, मन्हा घरमा, मन्हा डोयासमोर होऊ दे. झुंबरबाई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिने पाच घरी पदर पसरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या मागून आणल्या होत्या. मागून आणलेल्या चिंधीत गुंडाळलेलं पोर यमाला ओळखू येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मुलगा झाला तर त्याचं नाव चिंधा, हेही तिने ठरवून टाकलं होतं. चिंध्या धुऊन, वाळवून, गाठोडं बांधून तिने उतरंडीवरच्या मडक्यात ठेवल्या.

मंजुळा जेमतेम वीस वर्षांची, हसरी पोर. पोट एवढं मोठं की तिला स्वतःचे पाय दिसत नसत. मी थट्टा करायची, "पोऱ्या शे का बैल शे वं?" ती पोट धरून हसायची. आत दोन असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

दिवाळीच्या पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, बाया कापूस वेचायला निघत होत्या तेव्हा मला बोलावणं आलं. फार वेळ लागला नाही. पोरगी झाली. अंगाने बारीक, पण लालबुंद, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस बिचकली. झुंबरबाईचं तोंड जरा उतरलं, पण ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, जगू दे म्हणजे झायं." मी बेंबीकडून दोऱ्याची गाठ मारली, विळ्याने नाळ कापली आणि आईकडचं टोक परळात सोडलं.

रक्त आलं. नेहमीपेक्षा जास्त आलं. एक परळ भरला, मी दुसरा मागितला. "देख झुंबरबाई, कितली घाण व्हती," मी म्हणाले. हे मी अगदी ह्याच शब्दांत म्हणाले, आणि वर हसले.

मग वार का पडत नाही म्हणून मंजुळाच्या पोटावर हात ठेवला, तर पोट अजून घट्ट. हाताखाली काहीतरी हललं. जोरात हललं, एकदाच. त्यानंतर नाही हललं.

दुसरी पोरगी यायला ऊन अंगणात उतरलं. ती पहिलीपेक्षा अंगाने भरलेली होती. तेच नाक, तीच हनुवटी, कपाळावर केसांचा तोच भोवरा. फक्त पांढरी. आजवर मी मेलेली लेकरं पाहिली होती, निळी पाहिली होती, काळी पडलेली पाहिली होती. अशी धुतल्या कापसासारखी पांढरी कधी पाहिली नव्हती. मी तिला पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. झुंबरबाईने परात वाजवली. काही उपयोग झाला नाही. मग वार पडली. वार एकच होती आणि तिला दोन नाळा होत्या.

खोलीत एक लाल पोर रडत होती आणि एक पांढरी पोर गप्प पडली होती. झुंबरबाईने दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कसं व्हयनं वं हाई?"

सुईणीला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. एकदा म्हटलं की पुढच्या बाळंतपणाला दुसरीला बोलावतात. शिवाय मला खरंच वाटलं तेच मी बोलले, असंही म्हणता येईल. लाल आणि पांढरी समोर असल्यावर दुसरं काय वाटणार? मी म्हणाले, "दोन्हीस्नं ताट एकच व्हतं. हाई मोठीनी धाकलीनं रगत पी लिधं."

एवढंच. एक वाक्य. म्हातारीने मान डोलावली, आणि माझी मान सुटली.

पण आमच्या गावात कुठलंही वाक्य धड राहत नाही. सकाळी विहिरीवर बाया म्हणत होत्या, सुकदेवच्या पोरीने रगत पिधं. दुपारी शेतात त्याचं 'रगत पिनारी' झालं. दिवेलागणीला गल्लीत शब्द आला तो 'रगतपिती'. आणि रगतपिती म्हणजे काय, हे मराठी मुलखात कोणाला सांगायला नको. महारोग. बोटं झडतात तो. शब्द एकासारखा दुसरा, एवढ्यावरच एका दिवसाच्याही नसलेल्या लेकराला महारोग झाला. पाचवीच्या पूजेला माझ्याशिवाय कोणी बाई त्या घरी आली नाही. मंजुळाने मात्र पोरीला छातीशी घेतलं होतं आणि पोर चुटूचुटू पीत होती. मला बघून मंजुळा म्हणाली, "दखा ना अक्का, कशी ओढस." मला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी पाणवठ्यावर सुकदेवाची चुलती भिकुबाई मला आडवी आली. "सुगंधाक्का, पोरले रगतपिती शे म्हंतस. खरं का?"

तेव्हा 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "माले काय इचारतीस, देवले इचार." आणि घागर उचलून चालू लागले. का, ते सांगते. गाव पोरीच्या रोगाबद्दल बोलत होतं तोवर माझ्या हातांबद्दल कोणी बोलत नव्हतं.

दहाव्या दिवशी झुंबरबाईने निकाल लावला. मी तेव्हा तिथेच होते. धुळ्याच्या दवाखान्यात सुईणींसाठी वर्ग निघाला होता, गावातून मला जायचं होतं, आणि जाण्याआधी बाळंतिणीला बघायला मी गेले होते. झुंबरबाई सुनेला म्हणाली, "हिनी पोटमा बहिनले खादं. पाठवर भाऊ टिकू देई का? आखो रगतपिती. तू अंगवर पाजशी तर तुले बी लागी. आजपाईन बंद." मंजुळाने पोरीला तसंच धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, अक्का काहीतरी बोलेल. अक्का एरवी सगळ्यांना फाडून खाते, आज सासूला बोलेल.

माझी धुळ्याला जाणारी सर्व्हिस मोटार निघायची वेळ झाली होती. मी म्हणाले, "सासूनं ऐक बाई." आणि निघाले.

धुळ्याला आम्ही आठ-नऊ जणी होतो, गावोगावच्या. शिकवायला घाटावरची एक नर्सबाई, कोवळी पोर, लग्न झालेलं नाही, स्वतः कधी बाळंत झालेली नाही. पहिल्या दिवशी तिने आमची नखं कापायला लावली. मला हसू आवरेना. लाल औषधाच्या पाण्यात हात बुडवा, कात्री उकळा, हे करा, ते करू नका. मी शेजारणीला म्हणाले, आपण गावं उभी केली आणि ही आपल्याला हात धुवायला शिकवते. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. नर्सबाईला ऐकू गेलं, पण ती चिडली नाही. म्हणाली, "बाई, तुमच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त ते स्वच्छ असू द्या." त्यानंतर मी जरा गप्प बसू लागले.

महिना होत आला तेव्हा नाळेचा धडा आला. तिने चिंध्यांची बाहुली केली होती, सुताडाची नाळ आणि कणकेची वार. बाहुलीकडे एक गाठ मारली, चार बोटं सोडून दुसरी गाठ मारली आणि मधून कापलं. मी हात वर केला. म्हटलं, बाई, दुसरी गाठ कशाला? ते टोक तर आम्ही मोकळं सोडतो, वाईट रक्त जायला.

"वाईट रक्त नसतं ते," ती म्हणाली. "आणि समजा, पोटात अजून एक बाळ असलं तर? जुळ्यांची वार कधी कधी एकच असते. दोघांचं रक्त आत एकमेकांत मिसळलेलं असतं. पहिल्याच्या नाळेचं टोक उघडं राहिलं, तर आतल्या बाळाचं रक्त त्यातून वाहून जातं. ते पांढरंफटक जन्मतं. बहुतेक मेलेलंच."

खोलीत बाकीच्या बाया 'अगं बाई' म्हणाल्या. मला दोन परळ दिसले. हाताखालची ती हालचाल आठवली, जोरात, एकदाच. आतली पोर वाचवा म्हणून सांगत होती आणि मी म्हातारीला घाण दाखवत होते.

मी विचारलं, "बाई, एक लेकरू दुसऱ्याचं रक्त पितं का हो?"

"पोटातलं लेकरू कशाला पिईल?" ती म्हणाली. "सुईणच सांडते."

ती मला म्हणाली नव्हती. सगळ्यांना म्हणाली होती. पण मी उठले, बाहेर जाऊन नळाखाली हात धरले आणि किती वेळ धुत राहिले कोण जाणे. मग एकदम आठवलं, की पहिली पोर, ती लाल, अजून जिवंत आहे. असेल. तिचं दूध माझ्या शब्दावर तोडलेलं आहे आणि तिने कोणाचं काही प्यायलेलं नाही. धुळं ते शिरपूर मी मोटारीत बसून होते आणि मनात एकच, की देवा, पोहोचेपर्यंत तिला ठेव. मी सगळ्यांसमोर सांगेन, झुंबरबाईच्या पायरीवर उभी राहून सांगेन, की मी केलं. मला गावाबाहेर काढा, पण पोरीला अंगावर घ्या. शिरपूरपासून दोन कोस मी धावत आले म्हटलं तरी चालेल.

गावात गडीमाणूस दिसत नव्हता. सुकदेवासकट सगळे फैजपूरला काँग्रेस बघायला गेले होते. झुंबरबाई ओट्यावर कापसाच्या ढिगापाशी बसली होती. "उनी का धुयाहून?" तिने विचारलं. मी तिला ओलांडून आत गेले.

पोर मागच्या पडवीत, कडब्याच्या बाजूला, गोणपाटावर होती. चाळीस दिवसांची पोर, पण जन्मली तेव्हापेक्षा लहान दिसत होती. शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजत होते, तेही दिवसातून दोनदा, लांबून. बोळा तिच्या गालाजवळ वाळून पडला होता. मी उचललं तर हातात वजन आलं नाही. डोळे उघडे होते. ती रडलीसुद्धा नाही.

"मंजुळा!" मी ओरडले. "हिले पाज. आत्तेच पाज!"

मंजुळा दारात आली आणि सासूकडे बघू लागली. झुंबरबाई म्हणाली, "आन् रगतपिती?"

इथे मी बोलणार होते. वाटभर जे बोलले ते इथे बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "धुयाना डाक्टरनी सांगं, ह्या रोगवर मायनं दूध हाईच औषध शे." म्हणजे पुन्हा खोटं. मी स्वतःला समजावलं, की आधी पोर वाचू दे, खरं काय, मग सांगू. झुंबरबाईला डॉक्टरचा धाक वाटला. ती म्हणाली, "मंग पाज." किती सोपं होतं, बघा. महिनाभर आधी माझ्या एका शब्दाने झालं असतं.

मंजुळाने चोळी सोडली. महिना छाती घट्ट बांधून ठेवलेली, दूध आटलेलं. मी शेकलं, चोळलं, पिळलं. चार थेंब आले. पोरीचं तोंड लावलं तर ओठ हलले नाहीत. ज्या पोरीबद्दल 'कशी ओढस' म्हणून मंजुळा मला दाखवत होती, तिला ओढायचं कसं ते आठवत नव्हतं. थेंब जिभेवर ठेवला तो ओठाच्या कोपऱ्यातून खाली आला. आम्ही दोघी रात्रभर तेच करत राहिलो. मंजुळा तिला "ले ना वं माय, ले ना," म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा ती गेली. कधी गेली तेही नीट कळलं नाही.

तिला बांधायला फडकं हवं होतं. मी झुंबरबाईला म्हटलं, उतरंडीवरच्या त्या चिंध्या दे. म्हातारी घुटमळली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, नाही असं नाही. पण म्हणाली, "त्या चिंधासाठे ऱ्हाऊ दे अक्का. पुढला सालले कामे येतीन." मग मी माझ्या लुगड्याचा पदर फाडला.

नाल्याकाठी बहिणीच्या शेजारी तिला पुरलं. तिचं नाव ठेवलं नव्हतं. बारशाला कोण येणार होतं?

संध्याकाळी मंजुळा माझ्या घरी आली. एकटी. चाळीस दिवस झाले होते आणि ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती. भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"अक्का," ती म्हणाली, "ती पडवीमा रडे आन् मी कानमा बोटं घालू. मन्ही छाती दुखे. दूध वाहे, मी फडकावरी पुसू. एक दिन मी उठनू, तिनाकडे गयू, आन् मंग भ्यायी गयू. परत उनू."

मी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"मंग ती रडानी बंद व्हयनी. माले वाटनं, बरं व्हयनं." तिने माझा हात धरला. बर्फासारखा हात होता तिचा. "तिनी खरंच बहिननं रगत पिधं व्हतं ना? सांगा ना अक्का. तुम्हीच सांगं व्हतं. पिधं व्हतं ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. धुळ्याहून आणलेलं खरं माझ्या जिभेवर होतं. ते बोलले असते तर माझं ओझं उतरलं असतं. एकीला मी मारलं, दुसरीलाही मीच मारलं, माझ्या शब्दाने. पण दुसरीचं दूध मंजुळाने तोडलं होतं, स्वतःच्या हाताने, कानांत बोटं घालून. पोर निर्दोष होती हे तिला कळलं तर ती त्या पडवीत पुन्हा जाऊ शकली असती का? विहीर त्या घराच्या मागेच आहे. असा विचार मी केला. किंवा असा विचार करायला मला आवडलं. दया केली की भ्याले, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आता येणारही नाही.

"हां बाई," मी म्हणाले. "पिधं व्हतं."

मंजुळा ओक्साबोक्शी रडली. मोकळी झाली. नाल्याकाठची ती बिननावाची पोर आता कायमची रगत पिणारी झाली, तिच्या आईच्या मनातसुद्धा. रडून झाल्यावर मंजुळाने डोळे पुसले, सरकून पुढे आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "तुम्ही व्हतात म्हणीसन, अक्का."

मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.